रशियन लोकांवर बोलून मी नापास झाले, त्याची गोष्ट

कॉलेजात असताना पुण्यातल्या एका वक्तृत्व स्पर्धेत मी ‘रशियन जनता’ या विषयावर बोलून पहिली आले होते. तोपर्यंत मी एकही रशियन माणूस पाहिला नव्हता. पाहिले होते ते वह्यांच्या कव्हरांवर. तेव्हा रशियातून गुळगुळीत कागदाची रंगीत मासिकं स्वस्तात यायची आणि घरोघरी लोक त्यांची वह्यापुस्तकांना कव्हरं घालायचे. माझ्या भूमितीवर गव्हाच्या पेंढ्या घेतलेली, गुलाबी गालांची बाई होती आणि भूगोलावर धरण. एवढ्या भांडवलावर मी हात उंचावून सांगितलं की रशियन जनता रोज सकाळी गात गात कामाला जाते. परीक्षकांनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरी तीच कव्हरं असणार.

ती मुलगी आज मला भेटली, तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग तिचा कान धरीन. ऐन मे महिन्यात ती केसाळ टोपी घालून लक्ष्मी रोडवर फिरायची. कुणी विचारलं, “घाम नाही का येत गं?” तर म्हणायची, “सवय करतेय.” कसली सवय, ते तिला तरी कुठं ठाऊक होतं. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन तिनं रशियन भाषेचा दोन वर्षांचा डिप्लोमाही केला.

मग लग्न झालं आणि ही रशियाप्रेमी अमेरिकेत आली. इकडे तेव्हा रशिया म्हणजे शत्रू. नोकरीच्या पहिल्या अर्जात ‘येणाऱ्या भाषा’ असा एक रकाना होता. मी इंग्रजी लिहिलं, हिंदी लिहिलं, मराठी लिहिलं आणि पेन उचललं. नवरा म्हणाला, “पुढची लिही की. दोन वर्षं घासली आहेस.” मी म्हटलं, “उगाच कशाला?” झालं. वक्तृत्वातली वाघीण एका रकान्यात मेली. हे ‘उगाच कशाला’ पुढे मला चाळीस वर्षं पुरलं. केस कापले तेव्हा, टिकली काढली तेव्हा, ऑफिसात डबा खिडकीशी बसून गुपचूप खाल्ला तेव्हा.

आता नवरा नाही, नोकरी नाही आणि मी बॉथेल नावाच्या इथल्याच एका गावात लेकीकडे राहते. इथे दर चौथ्या घरात कुणी ना कुणी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्यांच्या आया सकाळी बूट घालून रस्त्यावर चालत असतात. त्यांच्यात एक रशियन बाई आहे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, ऐंशी ओलांडलेली, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. मुलाकडे आलीय. नोव्हगोरोद नावाच्या जुन्या गावची. पहिल्यांदा ती समोर आली तेव्हा मला इतकं भरून आलं की पाठ्यपुस्तकातलं जे एकच वाक्य शाबूत राहिलं होतं, ते मी तोंडावर फेकलं. “रशियन महिला ट्रॅक्टर चालवते,” मी तिच्या भाषेत म्हटलं.

तिनं काठी टेकून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मी ट्रॅक्टरला कधी हातसुद्धा लावला नाही,” ती म्हणाली. “तू बाजारात हत्तीवरून जातेस का?”

त्या दिवसापासून आम्ही रोज बरोबर चालतो. तिचं इंग्रजी लंगडं, माझं रशियन आंधळं, दोन्ही मिळून काम भागतं. कव्हरावरच्या बाईची गोष्ट सांगितली तर ती हसून हसून बाकावर बसली. विद्यार्थी असताना त्यांना बटाटे काढायला शेतावर नेत, आणि फोटोवाला आला की एकच लिपस्टिक सगळ्या मुलींत फिरवत. “गाल थंडीनं लाल, ओठ सरकारनं,” ती म्हणाली. म्हणजे माझ्या भूमितीवर ही किंवा हिची मैत्रीणच होती म्हणायची.

आमच्याकडच्या ज्येष्ठांच्या केंद्रात दर मंगळवारी एक वर्ग भरतो. यंदाचा विषय होता ‘युरोपातले लोक’. दर आठवड्याला एकानं आपल्या पूर्वजांविषयी बोलायचं. आयरिश झाले, इटालियन झाले, नॉर्वेवाले झाले. सहाव्या मंगळवारी माझी मैत्रीण रशियन लोकांवर बोलणार होती. तिनं एका मोठ्या कागदावर हातानं नकाशा काढला होता. नद्या निळ्या, जंगलं हिरवी, व्यापाराचे रस्ते लाल.

त्याच्या आदल्या आठवड्यात वर्ग चालवणारे गृहस्थ मला कॉफीच्या टेबलापाशी गाठून म्हणाले, “तुमच्या मैत्रिणीचा मंगळवार यंदा राहू देऊ या. हल्लीच्या बातम्या तुम्ही वाचताच. कुणाला अवघडल्यासारखं नको व्हायला. आणि तसं पाहिलं तर रशियन लोकांना युरोपातले म्हणायचं का, हाही एक प्रश्नच आहे.” माणूस वाईट नाही. पण यादी करताना त्यांना हा प्रश्न पडला नव्हता.

“तुमचा मात्र शेवटचा मंगळवार पक्का,” ते म्हणाले. “बाहेरच्या पाहुण्या. भारतीय मसाले. सामोसे आणाल ना?”

मैत्रिणीला त्यांनी स्वतःच कळवलं. ती म्हणाली, “ठीक आहे.” आणि वर्गाला यायची थांबली. चालायला यायची, पण इतिहासाचा एक शब्द काढायची नाही. एरवी ती मला एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत एक शतक शिकवायची. मी विचारलं तर म्हणाली, “जन्मभर वर्गात उभी राहिले. आता बसले तर काय बिघडलं?” दोन दिवसांनी तिनं तो नकाशा गुंडाळून माझ्या हातात दिला. “नातीला दे. मागची बाजू कोरी आहे.”

त्या कोऱ्या बाजूनं माझं डोकं फिरलं. गप्प बसणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. मी त्या परीक्षेतली पहिली आहे.

मला सामोसे जमत नाहीत, वडे जमतात. घरी वड्यांची भाजी करताना लेकीला बेत सांगितला. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, “आई, प्लीज. त्यांनी ऑलरेडी कॅन्सल केलंय ना. उगाच कशाला?”

माझेच शब्द, माझ्याच स्वयंपाकघरात. बटाटे जरा जास्तच कुस्करले गेले.

“आज्जी, कॅन आय कम?” नात म्हणाली. तिला भांडणं आवडतात. ती माझ्यावर गेलीय, म्हणजे आत्ताच्या माझ्यावर. पण मंगळवारी तिची शाळा होती.

मैत्रिणीला नुसतं बोलावलं असतं तर ती आली नसती. म्हणून मी म्हटलं, “वड्यांचा ट्रे घेऊन मला बसमध्ये चढता येत नाही. धरायला ये.” शेवटच्या मंगळवारी ट्रे धरायला ती आली. शेवटच्या रांगेत, अंगातला कोट न काढता बसली.

मी उभी राहिले, तिचा नकाशा फळ्यावर लावला आणि म्हटलं, “मसाले त्या ट्रेमध्ये आहेत, ते खा. मी रशियन लोकांवर बोलणार आहे.” वर्गवाले गृहस्थ खुर्चीत सरळ झाले. पण आपल्याकडच्या म्हातारीला मध्येच थांबवायचं कसं, याचा नियम त्यांच्याकडे लिहिलेला नव्हता.

मी सुरुवात नीट केली. नद्यांवरून होड्या ओढत नेणारे व्यापारी, कीव्हमार्गे ग्रीकांकडून आलेला धर्म, नोव्हगोरोदात वखार थाटून राहणारे जर्मन, मग मंगोलांचा अंमल, आणि मग सरदारांच्या दाढ्या कापायला लावणारा झार. दाढ्या उतरवून हे लोक युरोपच्या दारात उभे राहिले, तर युरोप म्हणे, हनुवटी अजून आशियातलीच दिसते. “मला हे कळतं,” मी म्हटलं. “मी इथं आल्यावर कमरेपर्यंतची वेणी कापली होती. तरी लोक विचारायचेच, मूळच्या कुठल्या?” दोघं-तिघं हसले.

मग मी चोरून शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि अगदी वक्तृत्वातला हात उंचावला. “सामान्य रशियन माणूस मात्र अडाणीच होता,” मी म्हटलं. “जंगल, अस्वलं आणि अंधार. लिहायला-वाचायला त्याला झारानं युरोपातून आणून शिकवलं.”

मागे खुर्ची करकरली.

“हे खोटं आहे,” माझी मैत्रीण म्हणाली. “आणि हिला ते माहीत आहे, कारण मी तिला सांगितलंय.” ती काठी टेकत पुढे आली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “बस.”

मी बसले.

कोट अंगात, बटणं लावलेली, आणि ती बोलत सुटली. तिच्या गावची जमीन ओली, त्यामुळे आत काही कुजत नाही. त्या चिखलातून भूर्जपत्रं निघाली, शेकड्यांनी, सहाशे ते हजार वर्षांपूर्वीची. आपल्याकडे भूर्जपत्र म्हटलं की पोथी, ऋषी, मंत्र. तिच्या गावच्या लोकांनी त्यावर काय लिहिलं होतं? कुणी घरी विसरलेला सदरा मागवतोय. कुणी बाई एका पुरुषाला विचारतेय, की तू भेटायला का येत नाहीस, माझं काय चुकलं. एक लहान पोरगा बाराखडी गिरवता गिरवता कंटाळला आणि त्यानं स्वतःलाच घोड्यावर काढलं. हे सगळं झाराच्या आणि दाढ्यांच्या कितीतरी आधी. विद्यार्थी असताना उन्हाळ्यात तीही तिथं खणायला होती. “मला काय सापडलं? बुटाचा तळ,” ती म्हणाली. “झिजलेला. कुणीतरी पुष्कळ चाललं होतं.”

लोक वडे खायचे थांबले होते.

पुढच्या रांगेत एक पोलिश घराण्यातले आजोबा बसतात. ते हळू आवाजात म्हणाले, “माझ्या वडिलांना तुमच्या लोकांमुळे घर सोडावं लागलं. ते या नकाशात कुठे आहे?”

वर्गवाले गृहस्थ उठायला लागले. त्यांना नेमकी हीच भीती होती. तिनं त्यांना हातानं बसवलं.

“नकाशात नाही,” ती म्हणाली. “ते आम्ही केलं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे शिकवलं नाही, कारण पुस्तकात नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. आत्ता जे युद्ध चाललंय तेही आमचंच. माझी बहीण सीमेपलीकडे खारकीव्हला दिलीय. फोनवर मी तिला हवा कशी आहे विचारते, आणि मग आम्ही दोघी गप्प बसतो.” तिनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मला इथेही गप्प बसवलंत, तर हे तुम्हाला कोण सांगणार? आम्ही युरोपातले नाही म्हणालात, तर आमचा हिशोब तरी कुठल्या वर्गात विचारणार?”

आजोबा उठले. त्यांनी खिशातून पेन काढलं, नकाशाजवळ गेले आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी डाव्या कडेला एका गावाचं नाव लिहिलं. तिनं चष्मा लावून ते वाचलं आणि दोन बोटं सरकवून म्हणाली, “थोडं अजून वर. नदीच्या अलीकडे.” त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं.

वेळ संपून वीस मिनिटं झाली होती. वर्गवाले गृहस्थ रिकाम्या ट्रेपाशी उभे होते. “दाढ्यांपासून पुढचं राहिलं,” ते म्हणाले. “पुढच्या मंगळवारी हॉल मोकळा आहे.” तिनं लगेच हो म्हटलं नाही. डायरी काढली, पानं उलटली, आणि मग म्हणाली, “जमवते.” डायरी कोरी होती, मी शेजारीच उभी होते.

बसमध्ये आम्ही दोघी एका बाकावर, नकाशा माझ्या मांडीवर.

“ती चूक मुद्दाम होती,” ती म्हणाली.

“मास्तरणीसमोर नुसतं बरोबर बोलून काय उपयोग?”

तिनं यावर विचार केला. मग मला गुण दिले. त्यांच्याकडे पाचापैकी देतात. “दोन,” ती म्हणाली. “अस्वलांसाठी अर्धाही देणार नव्हते. नापास. पुढच्या मंगळवारी पहिल्या रांगेत बसायचं, वही घेऊन.”

घरी येऊन मी नातीकडून एक कोरी वही घेतली. कव्हर घातलं नाही.