जनाकाकूंचे पैकीच्या पैकी

जनाकाकूंच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी उरणच्या मासळी बाजारात, काकूंच्या रिकाम्या जागेपाशी उभी होते. आज या बसल्या कशा नाहीत म्हणून मनातल्या मनात चिडलेही होते. "आई गेली, बाई... झोपेतच," ती म्हणाली. त्याला आता महिना झाला.

मी मराठीची निवृत्त शिक्षिका. काकूंकडून मासळी घ्यायची, एवढीच आधी आमची ओळख. तीन वर्षांपूर्वी आमच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी मला मराठीत आणायला एक इंग्रजी प्रश्नावली दिली. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणारे रुग्ण उपचारावर किती समाधानी आहेत, हे त्यात विचारलेलं. नुसतं भाषांतर पुरणार नव्हतं, रुग्णांना वाचून दाखवून, अडेल तिथे प्रश्न बदलायचे होते. काकूंच्या हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे ही गोळी जन्माची. म्हणून पहिली त्यांच्या ओटीवर गेले. प्रत्येक प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, पूर्ण समाधानी. कोळीवाड्यातल्या आणखी सहा जणांचंही तेच. मी आपली माझ्याच मराठीवर खूश! परतताना पुन्हा काकूंकडे डोकावले आणि सहज विचारलं, रविवारी एवढी मासळी कापता, बोट कापलं तर रक्त थांबतं का? त्या शांतपणे म्हणाल्या, "आयतवारची गोळी मी घेतच न्हाय." मग पूर्ण समाधानी कशा, असं मी अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"कमी मार्क दिलं तर डाक्टरची बदली करतील, बाई. चांगला मानूस हाय. मीच समद्यांना सांगून ठेवलंय, पैकीच्या पैकी द्या."

हसावं की रडावं ते कळेना. डॉक्टरांवरच्या मायेपोटी ही बाई जिवावरची गोष्ट डॉक्टरांपासूनच लपवत होती! दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलंच. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, नाहीतर झडपेत रक्ताची गुठळी होते, हे नीट समजावलं आणि कापताना घालायला जाड हातमोजा दिला. काकूंनी आठवडाभर त्या मोज्याला नावं ठेवली, पुढे तो हातातून निघेना. मग त्या माझ्याबरोबर प्रश्नावली सुधारायला बसल्या. गोळीमुळे काय जपून करावं लागतं, या प्रश्नात ‘बागकाम, खेळ’ होतं तिथे मासळी कापणं आणि विळीवर बसणं आलं. सगळ्यात वर एक ओळही त्यांनी हट्टाने घालायला लावली. त्या सहा जणांकडे पुन्हा मला घेऊन गेल्या, त्याही स्वतःच. या खेपेला तक्रारीच तक्रारी... आणि त्या वाचून डॉक्टर इतके खूश, की काकू म्हणाल्या, ह्याला वेड लागलं.

परवा शेजारच्या गावात एका आजोबांना प्रश्नावलीचा कागद दिला. काकू नाहीत, तेव्हा आता कोण मनातलं सांगणार, असं वाटून मी उदास होते. आजोबांनी चष्मा सावरून काकूंची ओळ मोठ्याने वाचली, ‘खरं सांगितलं म्हणून डॉक्टरांची बदली होणार नाही.’ मग त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला.

"बसा, बाई. मंग सांगतो."