पाठ केलेले वडील

मी एका बाईला माझे वडील पाठ करायला लावले होते. तिचे स्वतःचे वडील तेव्हा हयात होते. चिलीतल्या एका बंदराच्या गावात रोज पहाटे उठून पाव भाजत होते. तरी परीक्षेत ती बोलली माझ्या वडिलांबद्दल, जे साताऱ्याकडे पोस्टमास्तर होते आणि ज्यांचा फोटोसुद्धा तिने कधी पाहिला नव्हता. ही हकिगत मी एकदोघांना सांगितली आहे, पण दरवेळी माझा भाग वगळून, म्हणजे न सांगितल्यासारखीच.

दोन हजार तीन-चारचा काळ. आम्हाला ऑकलंडला येऊन दीड वर्ष झालं होतं. नवरा कॉम्प्युटरवाला, त्याला महिन्याभरात नोकरी लागली. मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवलेलं, पण इथे माझ्या इंग्रजीला कोणी हिंग लावून विचारेना. एका शाळेत अर्ज घेऊन गेले, तर ऑफिसातल्या बाईने माझ्या दोन वाक्यांत तीनदा 'पार्डन?' म्हटलं. मी अर्ज तिथेच ठेवला आणि पुन्हा चौकशीला गेले नाही. मग सँडरिंगहॅमच्या एका भारतीय किराणा दुकानात डाळी-तांदळाची पाकिटं भरायला लागले. कामाची लाज नव्हती. पण अकरा वर्षं 'बाई, बाई' ऐकायची कानांना सवय, आणि इथे मला सगळे नावाने हाक मारत, तेही मोडक्या.

ती अवोन्डेलला आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. रविवारच्या बाजारात कोथिंबीर निवडताना ओळख झाली. तिच्या देशात ती नर्स होती; इथे ओटाहुहूच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालणं, भरवणं असली कामं करायची. पुन्हा नर्स व्हायचं तर इंग्रजीच्या परीक्षेत वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं, चारही भागांत सात गुण हवेत. ते मिळाले तर वृद्धाश्रमवाले तिला नर्सच्या जागेवर घेणार होते. नाही मिळाले तर ऑगस्टमध्ये परमिट संपलं की सामान बांधून परत. परीक्षा जूनमध्ये होती. मी म्हटलं, मी शिकवते तुला. फी नको, फक्त मला 'बाई' म्हणायचं. तिने लगेच म्हटलं, आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

आठवड्यातून तीन दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसे. ती 'स्कूल'ला 'एस्कूल' म्हणायची. माझी निम्मी मुलं 'इस्कूल' म्हणत, त्यामुळे मला अगदी माझ्या वर्गात आल्यासारखं वाटे. रविवारी चर्चला जाणं म्हणजे तिच्या भाषेत चर्चला 'असिस्ट' करणं, कारण स्पॅनिशमध्ये तसला शब्द हजर राहण्यासाठी आहे. अशा चुका मी भराभर पकडायची. आणि म्हणींना तर ऊत यायचा. तिच्याकडे एक म्हण होती, जो रडत नाही त्याला दूध मिळत नाही. मी उडालेच. म्हटलं, आमच्यातही रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही. मग तिने हातातला एक पक्षी आणि उडणारे शंभर असं काहीतरी सांगितलं, तर मी हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणाऱ्याचं सांगितलं. तिचे शंभर पक्षी ऐकून मला आमची म्हण जरा कंजूस वाटली.

तिची एक वही होती. कामावर, बसमध्ये, कोपऱ्यावरच्या 'डेअरी' म्हणतात त्या किरकोळ दुकानात, जे कानावर पडेल ते ती त्यात लिहून आणायची. 'हीप्स', 'स्वीट अ‍ॅज', 'शी'ल बी राइट', म्हणजे पुष्कळ, झकास, होईल सगळं ठीक. कुठल्या आजीने काय म्हटलं, तेव्हा ती हसत होती का रागावली होती, हेसुद्धा शेजारी स्पॅनिशमध्ये लिहिलेलं. मी लाल पेन घेऊन ते सगळं खोडलं. हे काय इंग्रजी आहे? त्याऐवजी तिला मी माझ्या जुन्या गाइडमधल्या इडियम्स दिल्या, रोज दहा, वाक्यात उपयोग करून. माझी आठ वर्षांची मुलगी जाता जाता म्हणाली, "मम, नोबडी सेज दॅट." मी तिला आत पिटाळलं.

परीक्षेत बोलण्याचा एक भाग असा असे, की समोर एक विषय ठेवत आणि त्यावर दोन मिनिटं बोलायचं. तुमच्यावर प्रभाव पाडणारी व्यक्ती, हा विषय वारंवार येई. एका दुपारी मी तिला तो दिला. कांदा चिरता चिरता ती तिच्या वडिलांबद्दल बोलायला लागली. भूकंपात त्यांच्या भट्टीची एक भिंत पडली, तेव्हा त्यांनी उघड्या भट्टीत पाव भाजून अख्ख्या गल्लीला वाटला होता. त्यांच्या भुवयांत कायम पीठ असे. लहानपणी तिला वाटायचं की ते जन्मतःच पांढऱ्या भुवयांचे आहेत, आणि एकदा आजारपणात त्यांच्या काळ्या भुवया पाहून ती घाबरून रडली होती. काळाचा पत्ता नाही, 'ही' आणि 'शी'चा गोंधळ, पण ती वीस मिनिटं थांबली नाही. माझ्या सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, तरी त्या लसूण सोलायचं थांबवून ऐकत होत्या.

मी मात्र बोटांवर चुका मोजत होते. ती थांबल्यावर म्हटलं, परीक्षेत असं चालायचं नाही. वही काढ, मी सांगते ते लिहून घे.

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बापाचं सांगत होती ना गं ती? मग सांगू द्यायचं की."

मी म्हटलं, आई, तुम्हाला यातलं कळत नाही.

मला एवढंच येत होतं, हे खरं कारण. आमच्या शाळेत निबंध पाठच करून घेत. 'माय फादर' मी फळ्यावर लिहायची आणि साठ मुलं साठ वह्यांत एकच बाप उतरवून घ्यायची. तो बँकेत कारकून असे आणि दहाला ऑफिसला जाई. एका वर्षी सहामाहीच्या आधी एका मुलीचे वडील वारले. तिने पेपरात लिहिलं, माझे वडील दहाला ऑफिसला जातात. मी तिला दहापैकी आठ दिले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि आठवलं तेही या सगळ्यानंतर.

तर मी चिलीच्या त्या बाईला वडील सांगितले. कारकून नको म्हणून माझे दिले. पोस्टमास्तर, शब्दाचे पक्के, वेळ पडली तर स्वतः सायकलवरून टपाल पोचवणारे, जागोजागी गाइडमधल्या इडियम्स पेरलेले. तिने एकदाच विचारलं की माझे बाबा का नकोत. मी म्हटलं, त्यात चुका फार होतील. तिने मान डोलावली आणि पंधरा दिवसांत ते सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी खूश. माझ्या वडिलांबद्दल ऐकून माझे डोळेसुद्धा भरून आले, हे सांगायलाही आता लाज वाटते.

परीक्षेत नेमका तोच विषय आला. तिने दोन मिनिटं अस्खलित म्हटलं. परीक्षक हसतमुख होता म्हणे. त्याने पेन खाली ठेवलं आणि सहज विचारलं, ते संध्याकाळी घरी आले की कसे दिसायचे?

आपल्या वडिलांबद्दल ती यावर तासभर बोलली असती. पण खोलीत वडील माझे होते. त्याने आणखी एकदोन प्रश्न विचारले, आणि ती दरवेळी म्हणाली की मला माहीत नाही. तिने खरं तेच सांगितलं होतं. वाचण्यात सात, लिहिण्यात सात, ऐकण्यात साडेसात, आणि बोलण्यात सहा. माझ्याकडे आली तेव्हा बोलणं हीच तिची चांगली बाजू होती. पुन्हा बसायला त्या वेळी तीन महिने थांबावं लागे आणि परमिटचे उरले होते दोन. वृद्धाश्रमाने ती जागा दुसऱ्या कोणाला दिली.

निकालाचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली. सासूबाई समोर बसल्या होत्या. मला वाटलं ती चिडेल, आणि खरं सांगते, ती चिडली असती तर मी भांडलेही असते. मला बचाव तयार ठेवायची खोड आहे. पण ती रडत होती आणि माझाच हात धरून म्हणाली, "सॉरी, बाई. आय फरगॉट युअर फादर."

तिला वाटत होतं पाठांतर कच्चं राहिलं. इतकं चांगलं लिहून दिलेलं आपल्याला नीट लक्षात ठेवता आलं नाही, बाईंच्या वडिलांचा आपण अपमान केला, असं तिच्या मनाने घेतलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला. चूक माझी आहे, तुझे बाबाच बरोबर होते. इंग्रजीत ते पाठ करायचीही गरज नव्हती. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर हे कबूल करायचं म्हणून असेल, किंवा त्या गावात मला 'बाई' म्हणणारी ती एकच होती म्हणून असेल, माझ्या तोंडून ते निघालं नाही.

ऑगस्टमध्ये ती गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने वडिलांसारखा भाजलेला पाव आणून दिला आणि वही माझ्याजवळ ठेवून गेली, पुढच्या विद्यार्थ्याला होईल म्हणून. पुढचा विद्यार्थी मी केला नाही. वहीच्या मागच्या पानांवर माझे वडील सुवाच्य अक्षरात अकरा वेळा लिहिलेले आहेत. तिच्या वडिलांबद्दल वहीत एक ओळही नाही, कारण ते तिला लिहून ठेवावे लागत नव्हते.

आणि त्या दिवशी, ती माझा हात धरून रडत असताना, मी काय केलं तेही सांगून टाकते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, असू दे, होतं असं, आणि तिला माफ केलं.