दाराबाहेरचा कप

वडील एचआयव्हीने गेले आणि आईचा कप गोठ्याच्या कोनाड्यात गेला. तिची तपासणी मात्र कुणी केली नाही.

आज आमच्या तपासणी केंद्रात एक बाई आली. नवऱ्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. चहा पिऊन तिने कप गुपचूप दाराबाहेर ठेवला. म्हणजे आजार रक्तात सापडायच्या आधीच घराने तो कपात शोधला! मी कप आत आणला, त्यातच माझा चहा ओतला.

"अगं ताई, उष्टा आहे तो!"

"असू दे. उष्ट्याने हा आजार होत नाही. तपासायचं का, ते तुम्ही ठरवा. निघालाच, तर गोळ्या आहेत."

तिने रक्त द्यायला हात पुढे केला.

घरातली पहिली पदवीधर मी. इथे नोकरी लागताच आईची तपासणी करून घेतली; आजार निघाला. ती गोळ्या घेते, शेतात राबते. तिचा कप आता सगळ्यांच्या कपांसोबत असतो.