उज्वलाचा स्फटिक

लिहिण्याची मला सवय नाही. उज्वला कुटेविषयी दुसऱ्या कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. विज्ञानातलं काही चुकलं तर ती चूक माझी समजावी, तिची नव्हे.

उज्वला सायखेड्याची. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो, तिथं ती तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवते आणि पंचवटीत भाड्याच्या खोलीत राहते. निवृत्तीनंतरही मी ग्रंथालयात पेपर वाचायला जातो. मोकळा तास असला की ती समोर येऊन बसते. मला नाना म्हणते.

पीएच.डी.साठी तिनं मँगनीजचं एक ऑक्साइड घेतलं होतं. मला समजावं म्हणून ती सोपं करून सांगायची. या पदार्थातून एरवी बऱ्यापैकी वीज जाते. थंड करत नेलं की एका तापमानाला इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडतात आणि विजेला होणारा विरोध एकदम वाढतो. पुन्हा तापवलं तर ते त्याच तापमानाला सुटत नाहीत, थोडं पुढं जाऊन सुटतात. "म्हणजे नाना, आतली सगळी व्यवस्थाच बदलते. इलेक्ट्रॉनच्या वावरण्याच्या जागेला लांबट आकार असतो. थंडीत त्या जागा चटईच्या विणीसारख्या एक आडवी, एक उभी अशा लागत असणार."

ते 'असणार' तिला खुपायचं.

थंडाव्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागायचा. कॉलेज तो देत नसे. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी गावाकडच्या दवाखान्यात तो यायचा. तिचा धाकटा भाऊ रविराज तिथून मागून कॅन मोटारसायकलला बांधून आणायचा.

"ताई, इतक्या नायट्रोजनमध्ये सगळ्या गावाच्या गाई गाभण राहिल्या असत्या," तो म्हणायचा. "तुझ्या दगडाला कालवड कधी व्हायची?"

"होईल. तू खरवस खायला ये."

ती वीण डोळ्यांनी दिसत नाही. इंदूरच्या संशोधन केंद्रात विशेष क्ष-किरणांनी ती पकडता येते, पण त्याला भुकटी चालत नाही, अखंड स्फटिक लागतो. भट्टीत मुशीमागून मुशी वाया गेल्यावर एका मुशीत तिला तिळाएवढा काळा, चकचकीत स्फटिक मिळाला. इंदूरनं मार्चमधली तारीख दिली. तो स्फटिक तिकडे पोचला की तिचं 'असणार' जाणार होतं.

फेब्रुवारीअखेर कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी, समिती आली. आमच्याकडे अशा वेळी शिकवणं बंद असतं आणि सजावट चालू असते. बाई प्राध्यापकांना एकसारख्या साड्या नेसून दारात रांगोळी काढायला बसवलं होतं. उज्वला मोराच्या पिसाऱ्यात निळा रंग भरत होती. तेवढ्या वेळात तिचे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख शेळके सर यांनी कपाटातली डबी उघडली, 'आमचे संशोधन' असं लिहिलेल्या थर्माकोलच्या फलकावर पांढरं कार्ड लावलं आणि त्यावर स्फटिक फेविक्विकनं चिकटवला. शेजारी भिंग टांगलं.

समितीतल्या एकानं भिंगातून पाहून विचारलं, "हिरा आहे का?" सगळे हसले. फोटो निघाला.

उज्वलाला हे कळलं तेव्हा ती धावत आली. "सर, हात लावू नका. कार्डासकट ॲसिटोनमध्ये ठेवते, आपोआप सुटेल."

"आधी समितीला जेवायला वाढ. तो काही पळून जात नाही."

ती वाढायला गेली. परत आली तेव्हा फलक उतरवलेला होता. सरांनी तिच्या हातात कागदाची पुडी ठेवली.

"तुझं काम हलकं केलं. कटरनं खरवडून काढला."

पुडीत काळा चुरा होता.

"सर, हा फुटला."

"फुटला तर फुटला. पदार्थ तोच आहे ना?"

तिनं पुडी पुन्हा बांधली. पदार्थविज्ञानाचा विभागप्रमुख हे म्हणाला!

इंदूरला तिनं कळवलं. नव्यानं अर्ज करा, असं उत्तर आलं. तिनं पुन्हा मुशी लावल्या. पण नॅकच्या शेऱ्यात संशोधनाचं कौतुक होतं, म्हणून भट्टी नव्या दालनात काचेमागं हलवली आणि तिथं तिची वीजजोडणी काही झाली नाही. नोंदणीची मुदत संपत आली. सर म्हणाले, "प्रबंधात 'असण्याची शक्यता आहे' असं लिही. सगळे लिहितात."

तिनं लिहिलं.

मौखिक परीक्षेला मी मागच्या बाकावर होतो. बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "क्ष-किरणांनी का तपासलं नाही?"

तिनं तोंड उघडायच्या आत शेळके सर म्हणाले, "योग्य नमुना उपलब्ध झाला नाही, सर. हो ना, उज्वला?"

तिनं एकदा सरांकडे पाहिलं. तासिकांच्या यादीवर पुढच्या जूनमध्ये त्यांचीच सही होणार होती.

"हो सर," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. सरांनी पेढे मागवले. बाहेर जिन्यावर रविराज उभा होता.

"डॉक्टर झाली ना? मग तोंड पाडून काय बसली?"

"जे दाखवायचं होतं ते दाखवता आलं नाही रे."

"मग डॉक्टर कशाची केली तुला?"

उज्वलानं पेढ्यांचा बॉक्स त्याच्या हातात दिला. "घरोघर वाट. डॉक्टर कशाची, ते गावात कोणी विचारणार नाही. इथंही कोणी विचारलं नाही."

मी समोरच होतो. मीही पेढा घेतला.