ठकूबाईचा रानफुलांचा वाफा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी पेटली त्या साली टिकाराम फिटर म्हणून कायम झाला आणि तिरोड्याकडच्या गावातून विधवा आईला कारखान्याच्या क्वार्टरवर घेऊन आला. गावचं घर त्याने चुलत्याला देऊन टाकलं.

क्वार्टरच्या एका बाजूला पंजाबी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. ठकूबाईला दोन्ही कळत नसे. मुलगा प्लांटमध्ये, सून रमा कामात. म्हातारी दाराशी बसून राही.

दारापुढे दिवसभर ऊन, खाली मुरूम आणि सिमेंटची ढेकळं. एका सकाळी तिने सब्बल, म्हणजे पहार, हाती घेतली. गिट्टी वेचली, नाल्याकाठची माती पाटीने आणली, शेणखत कालवलं. मग वसाहतीपलीकडे शिल्लक राहिलेल्या शेतांच्या धुऱ्या-बांधांवरून मुळासकट रानफुलं आणली. मागे कोरांटी, कुंपणाला गोकर्ण, पुढे कुर्डू.

"हे कावून लावून राहिली, माय?" टिकारामने विचारलं.

"वळखीचे हायेत," ती म्हणाली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर वाफा निळा-पिवळा झाला. पंजाबी शेजारीण थांबून बोटाने एकेक फूल दाखवू लागली. ठकूबाई नाव सांगे, ती ते चुकीचं उच्चारे, आणि दोघी हसत. भिलाईत आल्यापासून म्हातारी पहिल्यांदाच हसत होती.

दिवाळीआधी टिकारामची तान्ही लेक नलू रांगत वाफ्यात शिरली आणि रमाला पोरीच्या हाताशी सरपटणारं शेपूट दिसलं. तिने लेकरू ओढून घेतलं. साप कुर्डूत नाहीसा झाला. विषारी होता की धामण, कुणाला कळलं नाही.

रमाने पोरीला छातीशी घट्ट धरलं. टिकारामने एकदा वाफ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं.

"लेकरापक्षा मोठं काही नाही," ठकूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर असताना तिने सगळं स्वतः उपटलं. कोरांटीची मुळं निघेनात, तेव्हा सब्बल चालवली. हात काट्यांनी सोलले. टिकारामने तिथं सिमेंट टाकलं आणि गुलाबाच्या कुंड्या आणल्या. त्यांना रमाच पाणी घाली.

म्हातारी आत खाटेवर पडून राहू लागली. जेवण अर्ध्यावर आलं. शेजारीण बोलावायला यायची, तर ही भिंतीकडे तोंड करायची. डॉक्टरला दुखणं सापडलं नाही.

"गावाले नेऊन देऊ का, माय?" टिकारामने एकदा विचारलं.

"तिथं आता आपलं काय हाय?"

तो तिच्या पायांशी बसून राहिला. शिफ्टचा भोंगा झाला तेव्हा उठला, डबा घेतला आणि निघून गेला. तिने मान वळवली नाही.