डीपीवरची वर्दी

"मॅडम, जरा स्टँडवर जाऊन येऊ? पप्पांनी पार्सल धाडलंय."

मधली सुट्टी होती. आठवीतली सानिका दारात उभी. तासगावजवळच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते.

"कोण आणतंय पार्सल?"

"पप्पांच्या युनिटातलं साहेब. सुट्टीवर आल्यात."

"तू बघितलंयस त्यांना?"

"न्हाई. पण डीपीला फोटो हाय की, वर्दीतला!"

डीपी म्हणजे प्रोफाइलवरचा फोटो. कुणाचाही उचलून लावता येतो. पण आमच्याकडे घरटी एक फौजी, सानिकाचे पप्पाही. वर्दी दिसली की आम्ही चौकशी करत नाही, खुर्ची पुढे करतो.

मी आधी सानिकाचा हात धरला, मग तिच्या आईला फोन लावला. आई बेदाण्याच्या शेडवर कामाला. सानिका इन्स्टा वापरायची ते आईच्याच फोनवर.

"आवं मॅडम, मीच म्हनले बोल साहेबांशी. लय चांगला मानूस हाय."

"ताई, त्यांचे मेसेज जरा वाचून दाखवा."

ती वाचू लागली. "एकटीच ये. मम्मीला सांगू नको, सरप्राइज आहे..." वाचणं सोडून तिने विचारलं, "मॅडम, पोरगी कुटं हाय?"

"माझ्याजवळ. हात सोडलेला नाही."

सानिकाला घेऊन मी हेडसरांकडे गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फौजी माणूस असेल, उगाच बोभाटा नको."

"सर, फौजी असेल तर पार्सल शाळेत आणून देईल."

सरांना ते पटलं. पोलिसांना फोन त्यांनीच केला. साध्या कपड्यातले पोलीस स्टँडवर जाऊन आले. कुणी सापडलं नाही. तोवर त्या साहेबाचं अकाउंटही गायब झालं. सानिकाचं अकाउंट पब्लिक होतं, म्हणजे दार सताड उघडं. रीलमध्ये पप्पांच्या वर्दीवरचं नाव, शाळेचा ड्रेस, सगळं दिसत होतं.

संध्याकाळी सानिकाच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, त्या नावाचा आमच्यात कुनीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी सानिकाला विचारलं, "अगं, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, एवढं घोकून घेतलं होतं ना?"

"व्हय मॅडम. पण त्ये तर ओळखीचं हुतं."

अनोळखी हा शब्द मी आता तासाला वापरतच नाही. आयांनाही मुलांसोबत बसवते, इन्स्टावरचं एकेक नाव उघडायला लावते आणि एवढंच विचारते, "घरातल्या कुणी या माणसाला समोर बघितलंय का?" निम्म्याहून जास्त नावांना आया म्हणतात, "न्हाई."