चिठ्ठीत पाय नव्हता

"प्रभू, या शहरात शांती नांदू दे." त्या रविवारी आमचे पाळकसाहेब एवढंच म्हणाले आणि पुढच्या विनंतीकडे वळले. मला त्या शांतीचा अजून राग येतो. परळच्या आमच्या चाळीपासून दोन गल्ल्यांवर, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर, चारच दिवसांपूर्वी गोळ्या चालल्या होत्या. रस्त्यावर चपलांचा खच पडला होता. आणि चर्चमध्ये मात्र शहराला जणू सर्दी झाली होती, आपोआप आलेली, आपोआप जाणारी.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. दाराशी लाकडी पेटी असते. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी टाकायची. उपासनेआधी मंडळीतले वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, ती पेटी उघडतात. पाळकसाहेब एकेक विनंती वाचतात आणि प्रत्येकीला सगळे 'आमेन' म्हणतात. कुणाची परीक्षा, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या जावयाची दारू. दुसऱ्याच्या दुःखाला मोठ्याने हो म्हणायची ही रीत मला लहानपणापासून आवडत आली होती.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी आमची शेजारीण माझ्याकडे आली होती. ती मालवणकडची, मी तिला मावशी म्हणते. तिचा मुलगा गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. मोर्चात त्याच्या गुडघ्याखाली गोळी लागली होती.

"गो चेडवा, तुमच्या देवळात आयतवारी गाऱ्हाणां घालतत मां?"

"चिठ्ठी टाकतो आम्ही, मावशी."

"मग घाल. माझ्या झिलाचो पाय ऱ्हवांदे, इतक्याच सांग. सोमवारी डाक्टर ठरवतले. साच्यार उभ्यान काम असतां, पाय गेलो तर तो खातलो काय?"

तिच्या गावी गाऱ्हाणं घालताना एक जण देवापुढे मागणं बोलतो आणि जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. आमचं आमेन तिला त्याच जातीचं वाटत होतं. मलाही.

मी लिहायला बसले. आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवतात. शुभवर्तमानाच्या पत्रिका आणि चळवळीची पत्रकं अशा दोन्हींची मुद्रितं घरी यायची, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे लेखणी उचलली की माझ्या हातून पत्रकच उतरतं. मी पानभर लिहिलं. निरपराध रक्त, आंधळी सत्ता, मुंबईवर कामकऱ्यांचा हक्क, जुलमी राजा फारोच्या दारी उभा राहिलेला मोशे. लिहून झाल्यावर मला स्वतःचा अभिमान वाटला. ते पान मी पेटीत टाकलं.

रविवारी बाकी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. एका बाईंच्या हरवलेल्या चष्म्यासाठीसुद्धा आम्ही आमेन म्हटलं. माझं पान आलंच नाही.

उपासना संपल्यावर मंडळीच्या वडिलांपैकी एकांनी मला पायरीवर गाठलं. सरकारी कचेरीत नोकरी, कोटाला कडक इस्त्री. घडी केलेलं पान त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

"सलाम, बाई," आमच्यातल्या रीतीने ते म्हणाले. "ही प्रार्थना आहे की पत्रक?"

"माणसाला गोळी लागलीय, काका."

"आपल्यातला आहे का तो?"

"आमच्या भिंतीपलीकडे राहतो."

"तेच म्हणतोय मी. आपण मूठभर माणसं. उगाच कुणाच्या डोळ्यांवर का यायचं? शांतीसाठी प्रार्थना झाली ना?"

"हरवलेल्या चष्म्यासाठी झाली, तशी झाली!" मी ओरडले. चार माणसं वळून पाहू लागली. ते निघून गेले.

घरी येऊन मी आईपुढे थयथयाट केला. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "वाच बघू काय लिहिलं होतंस." मी आवाज चढवून पूर्ण वाचलं. तिने लाटणं थांबवलं.

"यात पाय कुठाय?"

मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. फारो होता, सत्ता होती, रक्त दोनदा होतं. पाय नव्हता. मावशीने एकच गोष्ट सांगितली होती आणि तीच मी लिहिली नव्हती. ते गृहस्थ भित्रे होतेच, पण त्यांच्या भित्रेपणाला निमित्त मी माझ्या सुवाच्य अक्षरात पुरवलं होतं.

सोमवारी पाय कापला.

संध्याकाळी मावशी हॉस्पिटलमधून परतली. मी तिच्या दारात जाऊन सगळं खरं सांगितलं.

"वाचूक नाय?"

"नाही."

"आणि तू पाय लिवलंच नाय?"

"नाही, मावशी."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "पाय गेलो तो गेलो. आता बसान करूचां काम गावांदे म्हणान घाल. आणि भाषण नको गो. मियाच येतंय, बघतंय कोण वाचणा नाय ता."

पुढच्या रविवारी ती आमच्यासोबत आली आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसली. चिठ्ठी मी पेटीत टाकलीच नाही. चिठ्ठ्या संपल्या, पाळकसाहेबांनी डोळे मिटले, तशी मी उभी राहिले. आमच्याकडे कुणी असं मध्येच उठत नाही, तरुण मुलगी तर नाहीच.

"आमच्या शेजारणीच्या मुलाचा पाय गोळी लागून गेला. त्याला बसून करता येईल असं काम मिळू दे."

आमेन आलं नाही. ते कोटवाले गृहस्थ गीतांच्या पुस्तकात पाहत राहिले. पाळकसाहेबांचे डोळे मिटलेलेच. शंभर माणसं एका शब्दासाठी कंजूष झाली होती. आई उठून माझ्या शेजारी उभी राहिली.

मग मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "होय म्हाराजा!"

कुणीतरी दचकलं, एक मूल हसलं. आणि त्या चष्मा हरवलेल्या बाई, नवीन चष्मा सावरत, पुटपुटल्या, "आमेन." त्यांच्यामागून आणखी दोघी. मग पुरुषांच्या बाजूने एक.

पाळकसाहेबांचं आमेन यायचं होतं. ते येईपर्यंत आई आणि मी खाली बसलो नाही.